अडून बसलेलं कोपर

दुखऱ्या कोपरासाठी मी नगरला फिजिओथेरपीला जायचे, तेव्हा शेजारच्या खुर्चीत घोडेगावच्या बाजारातले एक म्हशींचे व्यापारी असायचे. दावं ओढून ओढून त्यांच्या उजव्या कोपराजवळची, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा दुखावली होती. डॉक्टरबाईंनी पाण्याची छोटी बाटली हातात दिली, तेव्हा ते मिशीत हसले.

"म्हशी वढनाऱ्याला बाटली व्हय?"

"डाव्या हाताच्या आधारानं मनगट वर घ्या. खाली सोडताना मात्र एकट्या उजव्यानं, अगदी हळू," बाई म्हणाल्या.

तिसऱ्याच खेपेला त्यांना घाम फुटला. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ह्ये दुखनं म्हशीवानी हाय. वढलं तर अडतंय, न्हाई हालवलं तर बसतंय. चुचकारूनच न्यावं लागतंय."

मग कोपराला थोपटत म्हणाले, "चल गं, चल." बाटली न थरथरता खाली गेली.

इकडेतिकडे पाहून मीही माझं कोपर थोपटलं.