झटकेमास्तरांचा हात

तंत्रशाळेत वायरिंगच्या वर्गाला पहिल्या वर्षी तीन कामं असत. लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेली घंटा. खालून लावायचा आणि वरून विझवायचा असा जिन्याचा दिवा. आणि टेस्ट बोर्ड, म्हणजे फळीवर एक बल्ब, एक बटण आणि एक सॉकेट. बिघडलेली इस्त्री त्याला लावली की बल्बवरून दोष कळतो. चौथी गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती, पण पहिल्या दिवसापासून मिळायची. मार.

मारणारे म्हणजे झटकेमास्तर. हे आडनाव नव्हे, मुलांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. काखेत कायम लाकडी रूळ. स्क्रू ढिला दिसला की बोटांवर, तारेचं टोक उघडं राहिलं की मनगटावर, उलट उत्तर आलं की मिळेल तिथे. वर म्हणायचे, "आज माझा मार खा, म्हणजे उद्या विजेचा खावा लागणार नाही."

हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. वडील लाइनमन होते. मास्तरांनी लहानपणी पहिली घंटा केली आणि ती वाजली नाही, तेव्हा वडिलांनी पक्कड फेकून मारली होती. भुवईत तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. माराने माणूस शिकतो, हे तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच. स्वतःचा मुलगा अठराव्या वर्षी घर सोडून गेला, तरी ते हललं नाही.

त्या वर्षी वर्गात कुरळ्या केसांची एक मुलगी होती. सगळे तिला कुरळीच म्हणत. हात सफाईदार, पण घाई भारी. टेस्ट बोर्डाच्या दिवशी मास्तर तिच्या टेबलाशी आले, तर बल्ब आधीच पेटलेला.

"सप्लाय कोणी दिला?"

"मीच दिला, सर. सगळं तपासलं होतं."

"मला न विचारता?" मास्तर वाकले. फळीच्या कडेला, सप्लायच्या स्क्रूपाशी, तारेचे तांब्याचे बारीक केस बाहेर आलेले. "आणि हे काय? तुझ्या डोक्यावर आहेत ते कमी पडले?"

वर्ग हसला. तीही हसली. ते हसणं मास्तरांच्या डोक्यात गेलं. आधी सप्लाय बंद करायचा, हे वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाने सप्लाय चालू असताना रूळ हाणला.

फटका बोटांवर बसला. तिचा हात दचकून खाली आला तो थेट उघड्या तारेवर. दुसऱ्या हाताने तिने टेबलाला बसवलेला, वस्तू आवळून ठेवायचा लोखंडी शेगडा धरला होता. ती ओरडली नाही. दातखिळी बसली, मान मागे ताठली आणि बोटं तारेवर आवळली गेली. मेन स्विच दाराशी, पंधरा पावलांवर.

"मेन! मेन पाडा!" मास्तर ओरडले. कोणी जागचं हललं नाही. मास्तर बोलले की जागेवर थिजायचं, हेच तर ते शिकले होते.

मग मास्तरांनी रूळ दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या मनगटावर मारला. हात सुटला नाही. दुसरा फटका त्यांनी सगळा जीव लावून घातला. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. हात सुटला, ती फरशीवर कोसळली, आणि दहाएक क्षणांनी तिने मोठ्याने श्वास घेतला.

ती वाचली. मनगट दोन जागी मोडलं होतं, तळवा भाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा थोरला भाऊ शाळेच्या आवारात आला. तो ट्रकचे टायर बदलायचं काम करायचा. त्याने काही विचारलं नाही. पहिल्याच ठोशात मास्तरांचे दोन दात गेले. मास्तर पडले, उठले, पुन्हा पडले. हात त्यांनी एकदाही वर केला नाही. मुलं गच्चीवरून बघत होती. कोणी सोडवायला आलं नाही. शेवटी भाऊच दमला आणि पायरीवर बसून रडायला लागला.

घरी मास्तरांच्या बायकोने गरम पाण्याचा फडका सुजलेल्या जबड्यावर धरला.

"दुखतंय?"

"हो."

"दुखतं," ती म्हणाली. "मलाही माहीत आहे." आणि फडका पुन्हा पिळला.

प्राचार्यांनी कागद तयारच ठेवला होता. विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, मास्तरांच्या प्रसंगावधानाने जीव वाचला. "सही करा आणि मोकळे व्हा."

मास्तरांनी कागद परत सरकवला. "शेवटचा फटका लिहिलात, बोटांवरचा पहिला कुठे आहे?"

पहिला लिहिला गेला. त्यांचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना सामानाच्या खोलीत बसवलं. तार मोजून द्यायची, होल्डर मोजून परत घ्यायचे.

तीन महिन्यांनी कुरळी खोलीच्या दारात उभी राहिली. मनगट जरा वाकडं जुळलेलं. डाव्या हातात नवा बोर्ड.

"तपासून द्या."

"नवीन सर आहेत ना वर्गावर?"

"ते छान म्हणतात. ते सगळ्यांनाच छान म्हणतात."

मास्तरांनी चष्मा लावला. वायरिंग नीटस होतं, एकही केस बाहेर नाही. पण सॉकेटचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. "हे काय?" म्हणत त्यांचा हात आपोआप वर गेला.

ती दोन पावलं मागे सरकली.

हात तसाच हवेत राहिला. मास्तरांनी तो हळूहळू टेबलावर आणून ठेवला, त्यावर दुसरा ठेवला.

"उजवीकडचा स्क्रू," ते म्हणाले. "अर्धा आटा अजून."

तिने तिथेच उभं राहून स्क्रू आवळला, बोर्ड उचलला. "येते, सर," म्हणाली. पण पाठ फिरवली नाही. दारापर्यंत ती त्यांच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी गेली.