पिवळा ठिपका

आमच्या साडूंनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. घड्याळावर नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. तयार पार्ट मोजायचा. मापात बसला तर पिवळा ठिपका, म्हणजे पास. नाही बसला तर लाल, म्हणजे रिजेक्ट. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाला सगळं जग एखाद्या सुताने चुकलेलं दिसू लागतं. रंगाच्या दोन छोट्या डब्या त्यांच्या घरीही असत. दुधाच्या मापावर, गॅसच्या सिलिंडरवर, नव्या कुकरच्या झाकणावर त्यांचा लाल ठिपका पडलेला असे. पिवळी डबी उघडलेली मात्र मी कधी पाहिली नाही. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मला ज्या नजरेनं न्याहाळलं, त्यावरून माझ्याही पाठीवर कुठेतरी लाल ठिपका असणार. बायकोला विचारलं तर म्हणते, "पाठीवरच कशाला?"

नव्वदच्या दशकात एकदा त्यांची बाथरूममधली निळी स्लीपर नाहीशी झाली. एकच. "दादा, चोर एकच स्लीपर कशाला नेईल?" मी विचारलं. "दुसरी न्यायला येईल ना!" ते म्हणाले, आणि उरलेली स्लीपर सापळा म्हणून खिडकीत ठेवून आठवडाभर पडद्याआडून पाळत ठेवून बसले.

त्यांची एक सेकंडहँड पांढरी गाडी होती. तिच्या आरशात दिसणारं प्रत्येक वाहन पाठलागावर आहे, असा त्यांचा पक्का समज. "हा मघापासून मागे आहे," म्हणत ते एक्सिलरेटर तळापर्यंत दाबत. त्यांची मुलगी पेठला शिक्षिका होती, त्यामुळे दर रविवारी घाट. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणे. एसटीनं जाताना घाटात तिची रामरक्षा तीनदा म्हणून व्हायची. दादांच्या गाडीत एकही पुरी होत नसे.

तर ती स्लीपर गेली त्याच आठवड्यात पैठणी घ्यायला म्हणून, ताईनं शब्द टाकल्यावर, मी ही गाडी येवल्याला नेली आणि संध्याकाळी धुऊन परत केली. दोन दिवसांनी दादांचा फोन. गाडी पिकअप घेईना.

"येवल्यात काय केलंत?"

"पैठणी घेतली, दादा."

"ते कळलं मला. गाडीचं काय केलंत?"

गाडीतलं मला हॉर्नपलीकडे काही कळत नाही. पण आई-वडील गेल्यापासून ताईचं घर हेच माझ्या बायकोचं माहेर. तिथे माझ्यावर कायमचा लाल ठिपका बसला, तर दिवाळीला तिनं जायचं कुठे? दादांनी स्वतः प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. काटा चाळीसच्या पुढे जाईना, आणि रोज फोनवर माझी उलटतपासणी. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही जा त्यांच्याबरोबर आणि निर्दोष सुटूनच या."

सातपूरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून कार्बोरेटरचा लिव्हर हातानं ओढला. इंजिननं अशी काही आरोळी ठोकली की मी दोन पावलं मागे सरलो. "हातानं ओढलं तर फुल रेस घेते, काका. कार्बोरेटर लय भारी हाय. आता आत बसून पायानं दाबा." दादांनी दाबला. लिव्हर अर्ध्यावरच थांबला.

"पूर्ण दाबा, दादा!" मी बॉनेटमधून ओरडलो.

"पूर्णच दाबलाय. माणसावर काही विश्वास आहे की नाही?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी इंजिनातच पडायचा बाकी होतो. मेकॅनिकनं केबल तपासली. "केबल बी ओके हाय. पायापाशीच कायतरी अडतंय. मॅट उचलून बघा." दादा वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग मॅट नीट बसवल्याचा आवाज आला. "काही नाही. लावा बॉनेट. गाडीचं वय झालंय."

"मी बघतो ना, काका."

"इन्स्पेक्शन माझं झालंय."

परतताना ट्रक पुढे गेला, एसटी पुढे गेली, चौघांना घेऊन एक स्कूटरही पुढे गेली. दादांनी कुणाकडे वळून पाहिलं नाही. माझ्या घराशी गाडी थांबवून म्हणाले, "येवल्याला तुम्ही नीटच चालवली होतीत." मी निर्दोष सुटलो, पण त्या दिवसापासून मलाच त्यांचा संशय येऊ लागला. गाडी कधीच दुरुस्त झाली नाही. पेठच्या घाटात ताईची रामरक्षा मात्र पुरी होऊ लागली.

पुढे काही वर्षांनी दादा गेले आणि ताईनं गाडी विकायला काढली. आतून पुसताना मी ड्रायव्हरकडची मॅट उचलली. एक्सिलरेटरच्या बरोबर खाली निळ्या स्लीपरची टाच होती, विळीवर कापलेली, खालच्या पत्र्याला चिकटवलेली. ती दिसताच दाराशी उभी असलेली ताई ओशाळली.

"मीच ठेवली होती ती. घाटात जीव नुसता मुठीत असायचा हो. सांगून ऐकणारे होते का ते? एवढा संशयी माणूस, पण याचा पत्ता काही लागला नाही त्यांना शेवटपर्यंत."

मी टाच ओढून काढली. कुणीतरी ती नवा गोंद लावून पुन्हा घट्ट बसवली होती, आणि तिच्या कडेला, जरा पुसट झालेला, एक पिवळा ठिपका होता.

"नाही लागला, ताई," मी म्हणालो, आणि टाच खिशात टाकली.