घंटीला उत्तर

माझ्या हृदयात स्टेंट बसल्यापासून बायको माझ्या पुढे कधी चालली नाही. रस्ता असो, जिना असो, ती मागेच. ती पुढे असताना मी मागच्या मागे कोसळलो तर तिला कळणार कसं, एवढा तिचा साधा विचार. इथे सिंगापूरला, नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सायकलला परवानगी दिली, तेव्हाही परवानगी मला मिळाली आणि सायकली दोन आल्या.

सायकलीवरून बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिने एक पद्धत लावून दिली. तिने मागून एकदा घंटी वाजवायची, मी पुढून एकदा वाजवायची. म्हणजे मी ठीक आहे. बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोजवळून जुन्या रेल्वेमार्गाची हिरवी वाट जाते. रविवारी सकाळी तिथून आमची वरात निघाली की पळणारे आणि कुत्री फिरवणारे घाईघाईने बाजूला व्हायचे. मग बघतात तर आम्हाला पुढे जायचंच नाही. मुलगी एकदाच बरोबर आली.

"आई, डोन्ट लाइक दॅट लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे असं नको ना करूस. "एव्हरीबडी लुकिंग."

"बघू देत," बायको म्हणाली. "नवरा माझा आहे, त्यांचा नाही."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. पण ताकाच्या जागी स्वतः असलं की फुंकर फार लागते. मी चिडायचो. बँकेत माझ्या हाताखाली एवढी माणसं, आणि इथे मला दर दोन मिनिटांनी हजेरी द्यावी लागत होती.

फ्रान्सचं मात्र तिनेच काढलं. तिथल्या खेड्यापाड्यांतून आपलं आपण सायकलने हिंडायचं. कंपनी सायकली देते, नकाशा देते, सकाळी एक व्हॅन येऊन सामान पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवते. बाकी तुम्ही आणि रस्ता.

"बरोबर कोणीच नाही?" मी विचारलं.

"मी आहे ना," ती म्हणाली. माझ्यासाठी तिने बॅटरीची सायकल सांगितली होती, स्वतःसाठी साधी.

तो प्रदेश इतका सुंदर होता की माझा चिडका स्वभावही पहिल्याच दिवशी गप्प झाला. नदीच्या काठाने जाणारी अरुंद डांबरी वाट, एका अंगाला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या अंगाला माना खाली घातलेली सूर्यफुलं. ट्रॅक्टरवाला आम्हाला बघून इंजिन बंद करायचा आणि आम्ही पार होईपर्यंत थांबायचा. दगडी घरांच्या भिंतीला लागून उंच गुलाबी फुलं अशी उभी, जणू कोणी लावलीच नाहीत. सिंगापूरची झाडं मला आवडतात, पण ती शिस्तीत वाढलेली मुलं आहेत. इथे सगळं आपल्या मर्जीने वाढलं होतं, आणि तरी कुठे पसारा दिसत नव्हता. मला त्या लोकांचा हेवा वाटला. त्या शांततेत आमची टिंग आणि टिंग फार लांब ऐकू जायची, गाई चरता चरता मान वर करायच्या.

घोळ झाला तो सोमवारी. प्रवासात डाग मोजायची बायकोला सवय आहे. कुठूनही निघताना सामानाचे सगळे डाग एका जागी मांडायचे, मोजायचे आणि मगच हलायचं. त्या सकाळीही तिने सराईच्या दारात चार डाग मांडले, चारही व्हॅनमध्ये चढताना मोजले आणि समाधानाने सायकलवर बसली. त्यातला चौथा डाग म्हणजे हाताशी ठेवायची पिशवी. चिवडा, मेथीचे ठेपले, आणि जिभेखाली ठेवायची माझी गोळी.

हे कळलं भर दुपारी. सोमवार तिथे दुकानांच्या सुट्टीचा, त्यामुळे वाटेतल्या गावातलं एकमेव खानावळवजा हॉटेल बंद, पावाचं दुकान बंद, खिडक्यांना लाकडी झडपा. आमच्या सिंगापुरात जुरोंग ईस्टला कुठल्याही वेळी काहीतरी गरम ताटात पडतं, त्या सवयीच्या माणसांना गाव बंद असू शकतं हे ठाऊकच नव्हतं. नकाशावर पाण्याची जागा म्हणून दाखवलेला नळ निघाला कबरस्तानातला. एरवी तिने त्या पाण्याला हात लावला नसता. आता ती घटाघटा प्यायली आणि शेजारच्या बुटक्या भिंतीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"गोळी पिशवीत आहे," ती म्हणाली.

"मला काही होत नाहीये."

"म्हणजे सकाळपासून मी मागे नुसतीच होते," ती म्हणाली. "काही झालं असतं तर माझ्या हातात काय होतं? घंटी?"

ती उठली, सायकल घेतली. समोर चढ होता, आणि चढापलीकडे मुक्काम.

"तू बॅटरी लाव आणि सावकाश ये," ती म्हणाली. "गोळी पुढे आहे. मी पुढे जाते."

आणि ती गेली. कित्येक महिन्यांनी मला तिची पाठ दिसली. टी-शर्ट घामाने चिकटलेला, केसांत पांढरं बरंच वाढलेलं. हे कधी झालं? साधी सायकल, छप्पन्न वर्षांची बाई, नागमोडी जात चढत होती. एकदा ती डगमगली. ती पडली तर? हिचं हृदय कोणी तपासलंय?

मी घंटी वाजवली. उत्तर नाही. वळणावर ती दिसेनाशी झाली. पुन्हा वाजवली. नुसता वारा. मग मी बॅटरी पूर्ण लावली आणि जीव खाऊन पायडल मारायला लागलो. छातीत धडधडत होतं, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच माझं त्या धडधडीकडे लक्ष नव्हतं.

वरून टिंग आली. एकच.

मी एक पाय जमिनीवर टेकून तिथेच थांबलो. डोळे भरून आले होते. एवढ्याशा आवाजावर ही बाई इतके महिने जगत होती, आणि तो आवाज देताना मी कपाळाला आठ्या घालत होतो. तिची हिंमत किती मोठी होती, हे मला त्या चढावर समजलं.

मुक्कामी पोचलो तेव्हा ती सराईच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन ठेपला खात बसली होती.

"एवढ्या घंट्या कशाला?" तिने विचारलं. "मी दम टाकू की वाजवू?"

आता रविवारी त्या हिरव्या वाटेवर आम्ही पाळीपाळीने पुढे जातो. माझी मागे राहायची पाळी असली की लोक जरा जास्तच बाजूला होतात, कारण मी तिच्यापेक्षा जास्त वेळा घंटी वाजवतो.