सुलतानचा तिसरा दिवस

जायचं ठरवलं ईरानं. ईरा म्हणजे माझी लेक, वय पंधरा, जन्म दुबईचा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. शाळेला सेवेचे तास हवे होते, म्हणून अल ऐनच्या रस्त्यावरच्या, लोकांच्या घरांतून सोडवलेले चित्ते सांभाळणाऱ्या एका खासगी केंद्रात तिनं आम्हा दोघींची नावं देऊन टाकली. माणशी दीडशे दिऱ्हाम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि वर पिंजरे आपणच घासायचे! पैसे देऊन मोलकरीण व्हायची ही कुठली तऱ्हा, मला काही कळेना.

शनिवारी सकाळी सहाला आमच्या दुबईतल्या अल कुसैसहून निघालो. करक चहा पेट्रोलपंपावरच घ्या, पुढे काही मिळत नाही. शेवटचा टप्पा वाळूतला आहे, लहान गाडी सावकाश न्या. आणि अत्तर लावू नका. मी लावलं होतं, मला गेटवरच मान-हात धुवायला लावले.

तिथले बशीरभाई मूळचे केरळचे. बरीच वर्षं चित्त्यांबरोबर काढलेला शांत माणूस. त्यांनी सुलतान दाखवला. मी गुरगुराट ऐकायच्या तयारीत, तर हा चक्क चिमणीसारखा चिवचिवला! अहो, चित्ताच ना हा? कुणीतरी याला व्हिलात सोफ्यावर वाढवलेला, बिनहाडाचं चिकन हातानं भरवून. हाडं कच्ची राहिली, पुढचे पाय वाकडे झाले.

"भाभी, इधर एक ही रूल है," बशीरभाई म्हणाले. "इसके खाने के टाइम कोई बात नहीं करेगा."

कारण असं, की शेजारच्या मोठ्या आवारात दोन तरुण भाऊ-चित्ते होते. सुलतान माणसाच्या लाडाशिवाय सलग तीन दिवस जेवला, की त्याला त्यांच्यात सोडणार. उशीर झाला तर ते त्याला आपल्यात घेणार नाहीत, मग जन्मभर एकटा. दोन दिवस तो गुपचूप जेवला होता. आज तिसरा.

आम्ही पिंजरा धुतला, हाडासकट कोंबडी ठेवली आणि जाळीबाहेर बसलो. पाच मिनिटं गेली, वीस गेली. तो मटणाकडे... म्हणजे कोंबडीकडे बघेचना, आमच्याकडेच बघत बसला. पोट पाठीला लागलेलं. माझा जीव नुसता वरखाली. लेकरू समोर उपाशी बसलंय आणि मी गप्प? आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नाही हो!

"खा रे राजा," माझ्या तोंडून निघून गेलं. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..."

सुलतान उठला आणि कडाकडा हाडं फोडत सगळी कोंबडी खाऊन मोकळा झाला. मी आनंदानं टाळीच वाजवणार होते. बघते तर बशीरभाईंनी कपाळाला हात लावलेला.

"खलास, भाभी. फिर से पहला दिन."

"मम्मा, व्हाय वुड यू डू दॅट?" ईराच्या डोळ्यांत पाणी होतं. तो जेवला ना, हे चांगलं झालं की वाईट? परतीच्या वाटेवर ती कानांत हेडफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसली. मला रागही आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

पुढच्या आठवड्यात बशीरभाईंचा फोन आला. चार दिवस सुलतान अन्नाला शिवला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आधी जीव वाचवा, बाकीचं नंतर बघू. "भाभी, वो गाना रेकॉर्ड करके भेजो ना." मी स्वयंपाकघराचं दार लावून रेकॉर्ड केलं. आवाज दोनदा फुटला, तिसऱ्यांदा जमलं.

ते लावलं की तो जेवतो आता, अंगही धरलंय. मोठ्या आवारात मात्र गेला नाही, आणि आता जाणारही नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, फक्त तोंड बंद ठेवा. मला लोक विचारतात, ट्रिप कशी झाली? काय सांगू, अजून कळत नाही. कुंपणापलीकडे ते दोघे भाऊ धावत असतात, आणि जेवणाची वेळ झाली की सुलतान जाळीपाशी बसून माझ्या आवाजाची वाट बघतो.