राईतून बाहेर काही न्यायचं नाही

वेल्ह्याहून पासलीकडे जाणाऱ्या टेम्पोत मी खताच्या पोत्यावर बसले होते. झाडं बघायला एवढी हाडं खिळखिळी कशाला करायची, गच्चीत कुंड्या आहेत की, असं घरच्यांचं म्हणणं. मला मात्र देवरायांचं (देवाच्या नावानं राखलेल्या रानांचं) वेड आहे. त्यातून पासलीजवळच्या एका वाडीत राईतली काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत, असं ऐकलं होतं.

राई दिसण्याआधी ऐकू आली. भर दुपार, वारा जेमतेम, आणि झाडांतून कुजबुज येत होती. पुष्कळ बायका तोंडाला पदर लावून बोलताहेत असं वाटलं. पाखरू मात्र एकही ओरडत नव्हतं.

सीमेच्या दगडावर राईतल्या देवीचे गुरव बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याशी हुज्जत घालत उभ्या होत्या सरूबाई. वाडीचं पिण्याचं पाणी राईतल्या झऱ्यातून येतं आणि त्याची देखभाल यांच्याकडे. यंदा झरा बोटभर उरला होता. आई रागावली, असं वाडी म्हणत होती.

"राग कशाचा, ताई? झऱ्याचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजलंय," सरूबाई मला म्हणाल्या.

"मग काढून टाका की," मी शहाणपणा केला.

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवीच्या अंगावरचं लुगडंच मागितलं. "आत आलं ते आईचं. काटकी भाईर जात न्हाई, तशी पिशवी बी न्हाई."

सरूबाईंनी तोड काढली. "भाईर न्हाई नेत, तात्या. पान्यातनं काढून आतच वडाखाली ठिवते. चालंल?"

तात्यांनी वडाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "ठिव. पर हात दावून भाईर यायचं."

आम्ही चपला काढून आत गेलो. पायाला माती लागेना. वर्षानुवर्षं लोकांनी पिशवीसकट वाहिलेल्या ओट्यांचा मऊ, चुरचुरणारा थर होता नुसता. फांद्यांना अडकलेल्या पिशव्या फुगत होत्या, बसत होत्या. कुजबुज त्यांचीच होती. कारण कळलं तरी माझी भीती गेली नाही; उलट मी सरूबाईंचा पदर धरला.

झऱ्यात हात घालून आम्ही लगदा उपसू लागलो. पाणी गुळगुळ करत होतं, कुणीतरी आवंढा गिळावा तसं. एक पिशवी सरूबाईंनी वर काढली आणि त्यांचा हात थांबला. आत हिरवा खण होता, तांदूळ, हळकुंड, कुंकू. तोंडाला घट्ट गाठ. आत थेंबही शिरला नव्हता.

"काय झालं, मावशी?"

"माजीच हाय ही. खनाला म्याच काठ शिवलेला." त्यांनी पिशवीवरूनच काठावर बोट फिरवलं. "माजी सुमी तापानं फणफणली हुती, तवा ही वटी भरली. पोर काय ऱ्हायली न्हाई. मला वाटलं, आईनं ऐकून बी न्हाई म्हनली." त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "बगा की. गाठ बी सुटली न्हाई. तिला पोचलंच कुठं?"

मला रडू आलं. वर पिशव्या फुगत होत्या, बसत होत्या.

सरूबाईंनी दातांनी गाठ सोडली. तांदूळ ओंजळीत घेऊन शेंदूर लावलेल्या दगडावर वाहिले. "आता मागायचं काय न्हाई," त्या देवीला म्हणाल्या. "तुजं तुला."

मागे झऱ्याला धार लागली होती. सीमेवर तात्यांनी आमचे रिकामे हात पाहिले. सरूबाईंनी त्यांना बजावलं, "आजपास्नं वटी पळसाच्या पानात. पिशवी ह्या शिवंच्या दगडाच्या भाईरच." तात्यांनी मान हलवली. आत वडाखाली मात्र आम्ही रचलेला ढीग तसाच होता. आम्ही सगळे गेल्यावरही तो तिथंच असणार.

परतीच्या एसटीत नसरापूरपर्यंत मी मनाशी हिशेब करत होते. देवानं ऐकलं नाही म्हणून आयुष्यभर कुढणारी किती माणसं असतील, आणि त्यांतल्या किती जणांचं मागणं तिथवर गेलंच नसेल, हेच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या भाजीवाल्यानं कोथिंबीर पिशवीत घालून गाठ मारली, तशी मी भर बाजारात ओरडले, "सोड आधी ती गाठ!" तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.