सातव्या जागी काही नाही

"तू माझी ओळ पुसलीस?"

"एक नाही वहिनी, एकशे चाळीस."

दार लोटलेलं होतं, पण या दोघींच्या आवाजाला दार कसलं आडवं येतंय! सासूबाई बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांनी टॉवेल तसाच हातात धरला. दोन्ही सुना एकाच कचेरीत, एकाच कामावर. थोरलीनंच शब्द टाकून धाकटीला तिथे चिकटवलं होतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे थोरलीला त्या दिवशी पुरतं कळलं.

"एक तरी ठेवलीस का?"

"ठेवलीय. तुमची संध्याकाळची."

काम असं होतं. दवाखान्यातून कुणाच्या रक्ताची तपासणी मागवायची, तर दूरच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला विनंती धाडावी लागते. जायचं कुठे, हवं काय, विचारतंय कोण, परवाना कुठला, हे सगळं तिच्यात घालायचं. थोरलीनं सोळा वर्षांपूर्वी ते एका दमात रचलं होतं. प्रोग्रामच्या एका ओळीत अकरा गोष्टी, एकामागोमाग एक, ठरल्या क्रमानं. त्यातली सातवी मोठी चमत्कारिक. सातव्या जागी काहीच नसायचं, पण ते 'काही नाही' लिहावंच लागायचं. विसरलात, तर आठवं पुढे सरकून सातव्याच्या जागेवर बसायचं आणि सगळी रांग बिघडायची.

हा क्रम तोंडपाठ होता तो एकट्या थोरलीला. दिवसातून दहादा कुणीतरी हाक मारायचं, "वहिनी, सातवं काय?" कचेरीत सगळे तिला वहिनीच म्हणत. ती मान वर न करता म्हणायची, "काही नाही." वरून कपाळाला आठ्या, आतून मात्र फुगलेली. घरी तिला विचारत होतं कोण? मुलगा विचारायचा ते एवढंच, की जेवायला काय आहे.

धाकटीनं येऊन तिथे बिल्डर आणला.

"किती मजली?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"मजले नाहीत हो आई! विनंती बांधून देणारा बिल्डर. त्याला एकेक गोष्ट नावानं सांगत जायची. पत्ता हा, परवाना हा. क्रम कसाही चालतो, नको असेल ते सांगायचंच नाही. शेवटी म्हणायचं, बांध. की झाली विनंती तयार, द्या धाडून."

"मग सोपंच की गं," सासूबाई म्हणाल्या, आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

जुन्या ओळी पुसल्या गेल्यावर सातवं विचारायला कुणी फिरकेना. चहाच्या वेळी कोंडाळं धाकटीभोवती. थोरली आपला कप घेऊन खिडकीशी उभी राही, जसं काही बाहेर बघण्यासारखं आहे. दुपारी मात्र धाकटीनं लिहिलेलं गुपचूप उघडून वाची, तांदळातले खडे शोधावेत तसं.

तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, खडा सापडला. अनेकांच्या विनंत्या एकदम धाडायची नवी सोय करताना धाकटीनं घाईत पहिल्या रोग्यापासून शेवटच्यापर्यंत एकच बिल्डर वापरला होता. पहिल्याचं काम 'तातडीचं' म्हणून सांगितलं, की ती लाल खूण बिल्डरला चिकटून राहायची आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना लागायची. आजवर तपासून पाहिलं ते एकेका रोग्यापुरतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

थोरलीनं फाईल मिटली. उद्या धाकटी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सगळं चालवून दाखवणार होती. पडू दे, थोरली मनात म्हणाली. चारचौघांत पडू दे. घरी जाताना धाकटीनं तिच्या हातातली जड पिशवी घेतली, तरी बाईच्या तोंडाचं कुलूप उघडलं नाही.

शुक्रवारी चाळीस विनंत्या गेल्या आणि चाळीस लाल खुणा लागल्या.

"सगळेच शेवटच्या घटका मोजतायत का हो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हशा पिकला. हाच हशा थोरलीला हवा होता. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. ती गर्रकन वळली.

"वहिनी, काय चुकलं?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. थोरलीच्या तोंडून उत्तर निघूनच गेलं, "दर रोग्याला नवा बिल्डर घे."

धाकटीनं बिल्डर घ्यायची ओळ खाली सरकवली, दर रोग्याच्या कामात. लाल खूण एकच उरली. "वा, छान केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेही धाकटीलाच!

वाटेत धाकटी म्हणाली, "तुम्हाला कालच कळलं होतं ना? फाईल कुणी कधी उघडली ते दिसतं, वहिनी."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, काही नाही."

थोरलीला हसू फुटत होतं, ते तिनं गिळलं.

पुढे नऊ वर्षांत धाकटी कचेरीची साहेब झाली. थोरली जळायची ती जळतच राहिली, फक्त आच जरा मंद झाली. पण ती संध्याकाळची एक ओळ कुणी हलवली नाही. रोज निघण्याआधी प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरला विचारायचं, जागा आहेस ना? तेही थोरलीनं, जुन्या पद्धतीनं, अकरा गोष्टी हातानं लिहून.

थोरलीच्या निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, फुलं झाली. दोघींच्या पिशव्या घेऊन धाकटी दाराशी उभी होती.

"वहिनी, चला ना."

"थांब गं."

थोरली बसली. बोटं मोजत एकेक लिहीत गेली. सातव्या जागी 'काही नाही' लिहिलं. धाडलं. उत्तर आलं, ठीक आहे. ते तिनं रोजच्यासारखं दोनदा वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्ची आत सरकवली.