वाऱ्याच्या जिनची रजा

खेळाच्या पुस्तकात वाऱ्याच्या जिनला अर्धंच पान दिलं होतं. त्याच्या आधी आगीचा जिन होता, दुष्ट, हातात मोठी तलवार घेतलेला, आणि त्याला चांगलं दीड पान. जगाची रीतच ती. आमचा जिन सज्जन होता. तो ढगांवरच्या महालात राहतो, वावटळ होऊन माणसांना उचलून नेतो, हवेतून जेवण काढतो, मनात आलं की दिसेनासा होतो, असं सगळं त्यात लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती की या जिनला बांधून ठेवलेलं अजिबात सहन होत नाही. ती ओळ मी पेन्सिलने अधोरेखित केली होती. त्याला पकडलं मी होतं, आणि त्याला काय सहन होत नाही हे मालकिणीला माहीत असलेलं बरं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. आम्ही अमिरातीत, दुबईजवळच्या अल ऐनला राहायचो आणि बाबा ट्रकच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. खालच्या मजल्यावर माझ्याच वर्गातला एक मल्याळी मुलगा राहायचा. त्याच्या अमेरिकेतल्या मामाने हे पुस्तक आणि रंगीत फाशांची पिशवी पाठवली होती. खेळ सोपा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट तो सांगायचा, मी जादूगारीण होते. बाकीचे म्हणजे मीच. दोघांत हा खेळ काही रंगत नाही, पण त्या बिल्डिंगमध्ये आमच्या वयाचं तिसरं कुणी नव्हतं.

तिसरे झाले बाबा. माझ्या मित्राचा आवाज नेमका त्याच वर्षी फुटत होता, त्यामुळे त्याचा जिन मध्येच बोकडासारखा ओरडायचा आणि मी हसून लोळायचे. एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची झोप आटोपून बाबा चहाचा कप घेऊन आले, दारात उभं राहून त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "अरे, जिन ऐसा होता है क्या?" मग कप खाली ठेवला, छाती फुगवली आणि असे काही गरजले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हुकूम, मालकिन!" माझे बाबा ऑफिसचा फोन आला तरी उभं राहून बोलणारे. एवढा मोठा आवाज त्यांच्यात कुठे होता, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी जिन यायला लागला. तो आम्हाला दरीवरून पलीकडे न्यायचा, वाळवंटात मटण बिर्याणी हजर करायचा आणि वर कुरकुरायचा की मालकीण कांदा फार मागते. मला ते दिवस आठवले की अजूनही आधी हसू येतं, मग दुसरं सगळं.

जिनला बांधून ठेवायचं कसं, यावर पुस्तकात मंतरलेल्या अंगठीबद्दल काहीबाही होतं. ते आम्हाला पटलं नाही. अंगठी कशाला? पासपोर्ट ठेवून घ्यायचा. माझ्या बाबांचा पासपोर्ट कंपनीत होता, मित्राच्या वडिलांचा त्यांच्या कंपनीत होता, आमच्या ओळखीतल्या सगळ्यांच्या वडिलांचे पासपोर्ट कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या कपाटात होते. जगात सगळीकडे असंच असतं, माणूस कामाला लागला की त्याचा पासपोर्ट साहेबाकडे जातो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. मित्राने जाड कागद दुमडून जिनचा पासपोर्ट केला आणि त्यावर बटाट्याचा ठसा मारला. तो माझ्याकडे राहायचा. जिनला घरी, म्हणजे ढगांवर, जायचं असेल तर त्याने अर्ज करायचा आणि मी तो नामंजूर करायचा. अर्ज कसा लिहायचा ते बाबांनीच शिकवलं. वर 'टू', मग 'सब्जेक्ट', मग 'रिस्पेक्टेड सर'. सरच्या जागी मॅडम घालायला मी लावलं.

नामंजूर करण्यात माझा हातखंडा होता, आणि तोही बाबांच्याच जिवावर. रोज जेवताना ते त्यांच्या मॅनेजरची नक्कल करायचे. भुवया वर, मान तिरकी, बोटांत नसलेली सिगारेट, 'अरे बाबा'च्या जागी 'हबीबी' आणि 'चला'च्या जागी 'यल्ला'. आई हसता हसता म्हणायची, "अहो, पोरीसमोर नको." पोरीने तोवर सगळं उचललेलं असायचं.

आता आत्याबद्दल. बाबांची आई ते चार वर्षांचे असताना गेली आणि त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीने वाढवलं. बाबा तिला आक्का म्हणायचे. ती मिरजेला असायची, ब्लाउज शिवायची. आम्ही भारतात गेलो की बाबांसाठी दोन लेंगे शिवून ठेवलेले असायचे आणि दोन्हींना आतून एक चोरखिसा, पासपोर्ट अंगावर असावा म्हणून. पासपोर्ट एरवी आपल्याकडे नसतोच, हे बाबांनी तिला कधी सांगितलं नाही. दरवेळी ते खिशावर हात ठेवून म्हणायचे, "मापात बसतोय बघ, आक्का."

त्या वर्षी आत्याच्या किडन्या गेल्या. आम्ही आदल्याच उन्हाळ्यात भारतात जाऊन आलो होतो. कंपनीची सुट्टी दोन वर्षांतून एकदा, म्हणजे पुढची अजून वर्षावर. एका शुक्रवारी सकाळी आतेभावाचा फोन आला. आत्याला दवाखान्यात ठेवलं होतं, ती शुद्धीवर होती आणि सारखं विचारत होती की तो निघाला का. बाबा रिसीव्हर ठेवून तसेच उभे राहिले.

"अहो, उद्या विचारा ना ऑफिसात," आई म्हणाली. "इमर्जन्सी लीव्ह देतात की."

"विचारतो."

"नक्की विचारा."

"विचारतो म्हटलं ना गं."

हे सगळं मी ऐकलं होतं. लहान होते, मला काय कळत होतं, असं म्हणून मी सुटू शकत नाही. बारा वर्षांच्या मुलीला कळतं. आत्या आजारी आहे हेही कळलं होतं आणि बाबांना जायचंय हेही. पण दुपार झाली, मित्र फासे घेऊन वर आला, आणि मला वाटलं आज बाबा खेळणार नाहीत. ते आले. हातात कागद होता.

"मालकिन," जिन म्हणाला. आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. "पंधरा दिन की छुट्टी चाहिए. बहन बीमार है."

मित्राने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वा, आज जिनने खरी गोष्ट आणली, आज रंगणार. मी भुवया वर केल्या, मान तिरकी केली, दोन बोटांत सिगारेट धरली.

"अभी? सीझन में? स्टोअर कौन देखेगा, तुम्हारा बाप?"

मित्र फिस्सकन हसला. बाबाही हसले.

"मालकिन, वो बहुत बीमार है."

"सबका कोई ना कोई बीमार है, हबीबी. इतना प्यार है तो हमेशा के लिए जाओ. व्हिसा कॅन्सल, खलास. यल्ला, नेक्स्ट!"

कॅन्सल हा शब्द आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा हळू आवाजात म्हणायची. कॅन्सल म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, शाळा गेली, सामान बांधा. तो शब्द असा टेचात फेकल्याचा मला भलताच अभिमान वाटला. मी कागद घेतला, त्यावर लाल स्केचपेनने 'रिजेक्टेड' लिहिलं आणि परत दिला. मित्र टाळ्या वाजवत म्हणाला, "अंकल, शी इज सो गुड!"

"बहुत अच्छी है," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, कमरेत वाकून सलाम केला आणि वारा होऊन स्वयंपाकघरात गेले. आम्ही पुढे अर्धा तास एका राक्षसाशी लढलो.

शनिवारी बाबा घरी आले तेव्हा आईने विचारलं. मॅनेजर आले नव्हते, बाबा म्हणाले. रविवारी ते मीटिंगमध्ये होते. सोमवारी त्यांचा मूड बरा नव्हता. मंगळवारी आईने विचारलं नाही, ती नुसती ताट वाढून बसली. त्या आठवड्यात जेवताना नक्कल झाली नाही. बुधवारी पहाटे आत्या गेली.

बाबा गुरुवारच्या विमानाने गेले. मिरजेला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेरावं करून ते परत आले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. मी मित्राला सांगितलं की आता जिन येणार नाही. खेळ आपोआपच बंद पडला. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांची बदली अबूधाबीला झाली.

मी मात्र मनात एक माणूस पक्का धरून ठेवला होता, तो मॅनेजर. त्याने सुट्टी दिली नाही म्हणून माझ्या बाबांना बहिणीचं तोंड बघता आलं नाही. पुण्याला कॉलेजात गेल्यावर हॉस्टेलच्या मुलींना मी ही गोष्ट अगदी रंगवून सांगायचे. गल्फमध्ये माणसं कशी वागतात, पासपोर्ट कसे दाबून ठेवतात. ऐकणाऱ्या हळहळायच्या. मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा बाबा मला घ्यायला दुबई विमानतळावर आले होते. अल ऐनच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी इकडच्या तिकडच्या बातम्या दिल्या. अमक्यांनी गाडी घेतली, शेजारचे कॅनडाला गेले. मग म्हणाले, "आमचे मॅनेजर रिटायर झाले. परवा पार्टी होती. रडले बिचारे."

"बिचारे?" मी भडकले. "बाबा, त्या माणसाने तुम्हाला आत्याला भेटू दिलं नाही!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"कुणी सांगितलं तुला? त्यांना कुठे काय माहीत होतं. मी बोललोच नव्हतो. आक्का गेल्यावर गेलो त्यांच्या केबिनमध्ये, तर स्वतः उठले, कपाट उघडून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. तिकीटही त्यांनीच बुक करायला लावलं. म्हणाले, अरे, पहले क्यूँ नहीं बोला? दुसऱ्या दिवशी पाठवला असता तुला."

"मग का नाही बोललात?"

"भीती वाटली गं. नाहीच म्हणतील असं धरून चाललो."

विचारायला नको होतं, पण न विचारता राहवेना. "त्या शुक्रवारी मी नाही म्हटलं म्हणून?"

"छे! तू खेळत होतीस," ते घाईघाईने म्हणाले, आणि एसीची जाळी माझ्याकडे वळवली. "गार लागतंय का बघ."

गाडी अल ऐनला पोचेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि बाबांनी ते दिसलं नाही असं केलं. आत्या जिवंत असताना त्यांनी ती सुट्टी एकदाच मागितली होती, आणि ती माझ्याकडे.